शिक (chic) असणं म्हणजे नेमकं काय? भारी कपडे लागतात का?

आधी उच्चार, चिक नाही, शिक, फ्रेंच शब्द आहे, साधेपणातला रुबाब असा त्याचा अर्थ. आणि भारी कपडे तर अजिबात लागत नाहीत, आपल्याला काय शोभतं ते ओळखायचं, बाकीचं काढून टाकायचं आणि जे अंगावर आहे त्यात मोकळेपणाने वावरायचं, सारखं पदर नाहीतर केस सावरत बसायचं नाही.

फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेलचंच बघा ना, जर्सीचं म्हणजे विणीचं मऊ कापड तेव्हा मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचे, तिने त्याचे बायकांचे ड्रेस शिवले कारण त्यात नीट चालता येतं, हात हलवता येतात. १९२६ मध्ये तिचा साधा काळा ड्रेस व्होग या फॅशन मासिकात छापून आला, तोपर्यंत काळा म्हणजे बहुतेक दुखवट्याचाच रंग होता.

पण मला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या इंदिराराजे, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी, १९१३ मध्ये लग्न होऊन कूचबिहार संस्थानात गेल्या. जड जरीच्या साड्यांच्या त्या जमान्यात त्यांनी फ्रेंच शिफॉनच्या साड्या नेसायला सुरुवात केली आणि मग तीच फॅशन झाली. त्यांची मुलगी गायत्रीदेवी, तिचे फोटो बघाच, फिकी शिफॉन, मोत्यांची माळ, बस्स, नजर हटत नाही.

सुरुवात करायची तर नवीन काही घेऊ नका, घरातलेच चार कपडे टेलरकडून फिटिंग करून आणा, खांद्याची शिवण खांद्यावरच बसली पाहिजे, आणि चालताना पाठ ताठ ठेवा.