विद्यापीठात ठेकेदारामार्फत क्लार्कचं काम मिळतंय, पीएफ आणि ईएसआयचं काय बघावं?

धरणगावहून रोज ये-जा, डेटा एंट्रीचं काम, पगार १४ हजार 'सगळं धरून', आणि घरचे म्हणतात विद्यापीठाची नोकरी आहे, सोडू नको; असा तुमचा प्रश्न. मी खान्देशातल्याच एका शिक्षण संस्थेच्या परीक्षा विभागात नऊ वर्षं असाच ठेक्यावर काढली आहेत.

घरच्यांना आधी सांगा, आयकार्डावर विद्यापीठाचं चिन्ह असलं तरी नेमणूक ठेकेदाराची. कायम शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी, अर्जित रजा यातलं काही तुम्हाला नाही. जुनी पेन्शन की एनपीएस (नवी पेन्शन योजना) हा वाद त्यांचा.

मग 'सगळं धरून' म्हणजे काय ते विचारा. पगारातून तुमचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८० आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पाऊण टक्का म्हणजे १०५ रुपये कापले जावेत. हातात १२,२१५. (बायकांना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापला तर लगेच विचारा.) काही ठेकेदार मालक म्हणून स्वतः भरायचा हिस्साही याच १४ हजारांतून वळता करतात आणि हातात साडेदहा हजारांच्या आसपास टेकवतात. हे बेकायदा आहे. पगाराची स्लिप देत नसेल तर शंका घ्याच.

ईएसआयला लोक नावं ठेवतात, पण नाकारू नका. आधीच्या दोन अंशदान काळांत (ईएसआयचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवस भरले असतील तर बाळंतपणात २६ आठवडे पूर्ण पगार मिळतो. ठेकेदार स्वतःहून हे सांगणार नाही.

आता माझी चूक. नऊ वर्षांत तीन ठेकेदार बदलले. टेंडर बदललं की टेबल तेच, खुर्ची तीच, मे महिन्यात निकालाच्या कामाला घरघरणारा कूलरही तोच. फक्त मालक नवा. दुसऱ्या ठेकेदाराने आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून नवाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढला. दिवाळी जवळ आली होती, सगळ्यांनी जुना पीएफ काढला, मीही काढला, आणि त्याबरोबर फॉर्म १०सी भरून पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे पैसेही उचलले. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते हे तेव्हा कुणाला ठाऊक! माझी पहिली तीन वर्षं हिशोबातून गेली.

म्हणून आधार, बँक आणि पीएफमधलं नाव आजच एकसारखं करून घ्या. यूएएन एकच ठेवा, ठेकेदार बदलला तर जुनं खातं त्यातच ट्रान्सफर करा. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. १५ नंतर पीएफचं पासबुक उघडून बघत जा. आमच्याकडे एकदा चार महिने कापून भरलेच नव्हते. पगारही रखडलेला, सकाळी गेटवर रामराम नाही, आधी 'पगार उना का भाऊ?' तोंडी विचारून काही झालं नाही. पासबुकाच्या प्रती जोडून कुलसचिवांना लेखी अर्ज दिला, आवकचा शिक्का घेतला. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ संस्थेवर येते, हेही त्यात लिहिलं. संस्थेने ठेकेदाराचं बिल अडवलं, मग महिन्याभरात सगळं भरलं गेलं.

नोकरी घ्या. पण रुजू होण्याआधी तिथल्या जुन्या मुलींपैकी एकीचं पासबुक मोबाइलवर बघायला मागा.