नऊच्या तीस फोडी

दापोली, नोव्हेंबरअखेर

अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईच्या गणित विभागाच्या डिसेंबरमधल्या व्याख्यानांची यादी पोचली. खाली तू लिहिलंयस, ‘सर, एकाही शीर्षकाचा अर्थ लागत नाही, मग रात्रभर कोकणकन्येत अवघडून मुंबईला जाऊन करू काय?’ अगं, निम्मी शीर्षकं मलाही कळली नाहीत, आणि मी पस्तीस वर्षं गणितच शिकवलं.

सगळीकडे जाऊ नकोस. 22 डिसेंबरच्या आठवड्यातलं पार्टिशनवरचं, म्हणजे संख्येच्या बेरजेने होणाऱ्या फोडींवरचं, तेवढं धर. रामानुजन जयंती म्हणजे राष्ट्रीय गणित दिन, त्यामुळे हारतुरे आणि प्रास्ताविकं होतील. आमच्या मुर्डीचे रँग्लर परांजपे 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल, झालेले पहिले भारतीय, हेही कुणीतरी सांगेलच. मागच्या बाकावरच्या पोरीने काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आधी वही घेऊन बस. 4 ही संख्या बेरजेने किती प्रकारे फोडता येते? 4, 3+1, 2+2, 2+1+1, 1+1+1+1. पाच. नुसता क्रम बदलला तर ती नवी फोड नाही. 5 च्या सात, 6 च्या अकरा. 9 च्या तीस, 14 च्या 135. रामानुजन यांच्या ध्यानात आलं की 4 पासून पाच-पाच पुढे सरकलं की फोडींची संख्या दर वेळी पाचाने भागली जाते. 5 पासून सात-सात सरकलं तर साताने, 6 पासून अकरा-अकरा सरकलं तर अकराने. एवढं हाताखालून गेलं असेल तर पहिली पंधरा मिनिटं तुझी. पुढचं डोक्यावरून जाईल, जाऊ दे. धागा कुठे सुटला ती ओळ तेवढी टिपून ठेव. स्लाइडचे फोटो काढत बसू नकोस, ते पुन्हा कुणी बघत नाही.

आणि प्रश्न विचार. 1980 च्या सुमाराला मी याच विषयाच्या एका व्याख्यानाला बसलो होतो. पाच झाले, सात झाले, अकरा झाले, मग तेराचं काय, असं मनात आलं. बावळटपणा दिसेल म्हणून गिळलं. पुढच्या बाकावरच्या मुलाने नेमकं तेच विचारलं. वक्त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, ‘तेराला असा नियम नाही, हे फोडींच्या संख्यांचा तक्ता बघून कळतं. पण पुढे कुठल्याच मूळ संख्येला नाही, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.’ ते सिद्ध झालं 2003 साली, आल्ग्रेन आणि बॉयलन यांच्या हातून. बातमी वाचली तेव्हा मला तो मुलगाच आठवला. नंतर चहाला वक्ते त्याच्याशीच बोलत उभे होते. मी बशी धरून लांब.

सभागृहात नाही धीर झाला तर चहाच्या वेळी गाठ. निघण्याआधी विभागात फोन करून वेळ पक्की कर, आयत्या वेळी बदलतात.

परतल्यावर वही घेऊन ये. नऊच्या फोडी पाठ करून नाही, मांडून दाखव. पहिल्यांदा माझ्या एकोणतीसच भरल्या होत्या, 3+3+3 राहून गेली होती.