दूध फाटलं नव्हतं गं

प्रश्न : ताई नमस्कार, माझी मुलगी ३० व्या आठवड्यातच झाली, वजन १२०० ग्रॅम, आज ९ दिवसांची आहे आणि अजून काचेच्या पेटीतच आहे. मला घरी सोडलंय, आम्ही सुदामा नगरला राहतो. मी दिवसातून ४ वेळा पंपाने दूध काढते, एका वेळी जेमतेम १५ मिली निघतं, ते हे सकाळ-संध्याकाळ स्कूटरवरून पोचवतात. तिला नळीने दर २ तासांनी ४ मिली देतात. काल फ्रिजमधली आदल्या दिवशीची बाटली काढली तर वर पिवळट थर आणि खाली पाणी-पाणी, वासही साबणासारखा, मला वाटलं फाटलं, ३० मिली बेसिनमध्ये ओतलं आणि तिथेच रडत बसले. सासूबाई म्हणतात उकळून ठेवत जा. तिथल्या एक नर्स म्हणाल्या एवढ्याशा दुधाने काय होणार, पावडरची तयारी ठेवा. काय करू?
– एक आई, इंदूर

उत्तर : अगं, आधी त्या ३० मिलीचं सांगते. ते फाटलं नव्हतं. आईचं दूध गार झालं की त्यातली साय वर येते, खाली निळसर पातळ राहतं, बाटली हलक्या हाताने गोल फिरवली की परत एकजीव होतं. आणि साबणासारखा वास येतो तो दुधातल्याच लायपेज नावाच्या एन्झाइममुळे, ते फॅट फोडत राहतं म्हणून, त्याने बाळाला काही होत नाही. नासलेल्या दुधाला आंबट घाण वास येतो आणि फिरवलं तरी गाठी मोडत नाहीत. यापुढे शंका आली तर बाटली तशीच घेऊन जा, तिथे दाखव, पण घरी ओतून देऊ नकोस.

आता नर्सबाईंचं बोलणं, ते मला फार लागलं. हिशोब कर ना, ४ मिली १२ वेळा म्हणजे ४८ मिली, आणि तू काढतेस ६०. म्हणजे आज लेकीला तुझं दूध पुरून उरतंय! इतक्या लवकर आलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं, त्याला सूज येऊन ते सडण्याचा जो आजार आहे, एनईसी म्हणतात, त्याचा धोका आईच्या दुधाने कमी होतो. आणि लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीनही जास्त असतं. पुढे डॉक्टर तुझ्याच दुधात फॉर्टिफायर, म्हणजे दुधाचा कस वाढवणारी पूड, मिसळतील कदाचित, तेव्हा माझं दूध कमी कसाचं आहे असं मनात आणू नकोस, एवढ्या छोट्या बाळांना ते लागतंच. आणि कधी कमी पडलंच तर पावडरच्या आधी मिल्क बँकेचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळेल का ते विचार. आपल्या देशात ही सोय मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ मध्येच सुरू झाली.

मात्र ४ वेळा काढून पुढे भागणार नाही, हे स्पष्टच सांगते. नळीचं प्रमाण वाढत गेलं की १२०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला १८० मिलीच्या आसपास लागतं. स्तन भरलेले राहिले की शरीराला वाटतं आता नको, मग दूध बनणं मंदावतं. म्हणून २४ तासांत ८ ते १० वेळा काढायचं, त्यात रात्री एकदा तरी, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आवडीने खा, पण दूध वाढतं ते रिकामं केल्याने. काढायच्या आधी कोमट फडक्याने शेक, हलका मसाज कर, आणि पंप थांबला की शेवटचं हाताने काढ : अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे, आधी छातीकडे दाबायचं मग बोटं जवळ आणायची, बोटं घासायची नाहीत. डॉक्टरांनी तिला छातीशी घ्यायला परवानगी दिली की त्या कांगारू केअरनंतर लगेच काढून बघ, पान्हा लवकर फुटतो. तोवर दूध काढताना तिचं टोपडं जवळ ठेव.

साठवण्याचं म्हणशील तर उकळायचं अजिबात नाही. सासूबाईंचा जीव तुटतोय म्हणून त्या म्हणतात, पण उकळलं की रोगाशी लढणारे घटकच नष्ट होतात, मिल्क बँकेतसुद्धा फक्त ६२.५ अंशावर ३० मिनिटं तापवतात आणि तेवढ्यानेही थोडं नुकसान होतंच. उकळायच्या त्या बाटल्या आणि पंपाचे दूध लागणारे भाग, १० मिनिटं. प्रत्येक वेळचं दूध वेगळ्या बाटलीत, वर नाव, तारीख, वेळ. गार दुधात ताजं कोमट दूध ओतायचं नाही. बाहेर ४ तास चालतं म्हणतात ना, ते २५ अंशापर्यंतचं, आपल्या इंदूरच्या एप्रिल-मे मध्ये कुठले २५ अंश, म्हणून काढलं की लगेच फ्रिजमध्ये, तेही दारात नाही, मागच्या बाजूला झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, भाजीपासून लांब. ४ दिवस चालतं हा नियम पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळांचा, तुझ्या लेकीसाठी मुदत एनआयसीयूवाले, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातले लोक, सांगतील तीच, बऱ्याच ठिकाणी २४ ते ४८ तासच धरतात. जास्तीचं फ्रीझरमध्ये, पण एकदा वितळलेलं २४ तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. गरम करणं तिथले लोक बघतील, पुढे घरी करशील तेव्हा कोमट पाण्याच्या वाटीत बाटली उभी करायची, मायक्रोवेव्ह नको. आणि मिस्टर ते साध्या पिशवीतून नेत असतील तर आजच बंद, बर्फाचे पॅक घातलेला छोटा आइस बॉक्स घ्या.

स्तनात गाठ होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखव, पण दूध काढणं थांबवू नकोस. आज रात्री अडीचचा अलार्म लाव, त्या वेळच्या बाटल्या धुवायचं काम मिस्टरांकडे दे, तू काढ आणि परत झोप.