निळी खूण नेमकं काय सांगते

माझ्या तरुण दोस्तास,
सप्रेम नमस्कार.

खरी माणसं असलेलं एखादं डेटिंग ॲप सांगा, असं तू लिहिलंस. नाव सांगणं सोपं आहे, पण नुसत्या नावाने तुझं काम भागणार नाही. टिंडर, हिंज, ओकेक्युपिड ही तिन्ही एकाच मॅच ग्रुपची, बंबल वेगळ्या कंपनीचं, आणि खोटी खाती कमीजास्त प्रमाणात सगळीकडे. त्यापेक्षा कुठल्याही ॲपबद्दल दोन गोष्टी बघ. तिथे खोटं खातं उघडायला किती खटपट पडते? आणि ते खातं तसंच राहिलं तर कंपनीचं भलं होतं का?

दुसरी गोष्ट फारसं कोणी बघत नाही. ॲशली मॅडिसन या डेटिंग साइटचा डेटा 2015 मध्ये फुटला, तेव्हा पुरुषांशी गप्पा मारणाऱ्या कितीतरी ‘बायका’ म्हणजे चक्क बॉट, माणसासारखं बोलणारे प्रोग्राम, होते हे उघड झालं. 2019 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी संस्थेने, मॅच ग्रुपवर दावा लावला. त्यातला एक आरोप असा, की बनावट असल्याचा संशय असलेल्या खात्यांकडून आलेल्या पसंतीच्या जाहिराती फुकट्या सभासदांना पाठवून त्यांना पैसे भरायला लावलं जात होतं. आरोप बाजूला ठेव, पण युक्ती लक्षात ठेव. अर्धवट भरलेल्या प्रोफाइलवर तासाभरात लाइकांचा पाऊस पडला आणि सगळे चेहरे धूसर, ‘पैसे भरा म्हणजे दिसतील’, तर पाकीट खिशातच राहू दे.

ॲप उतरवण्याआधी स्टोअरमध्ये बनवणाऱ्याचं नाव तपास, कारण नामसाधर्म्याचा फायदा घेणारी ॲप असतात. परीक्षणं ‘सर्वात नवी’ अशी लावून एक ते तीन ताऱ्यांची वाच. पाच ताऱ्यांचं ‘मस्त ॲप’ काही शिकवत नाही. ‘रद्द केलं तरी पैसे कापले’ ही तक्रार चार जणांनी केली असेल तर ती शिकवते. मग सेटिंग्जमध्ये खातं कायमचं मिटवायची सोय शोध. ॲपल 2022 पासून ती ॲपमध्येच असावी असा आग्रह धरतं. ती खोल दडवून ठेवलेली दिसली तर बाकीच्या कारभाराचाही अंदाज येतो.

आता पडताळणी झालेल्या प्रोफाइलवर दिसणाऱ्या निळ्या खुणेबद्दल, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. सेल्फी व्हिडिओची पडताळणी एवढंच सांगते, की पडताळणीच्या वेळी समोर असलेला चेहरा प्रोफाइलमधल्या फोटोंशी जुळला. नाव, नोकरी, लग्न झालंय का, हेतू काय, यातलं काहीही ती सांगत नाही. ओटीपी तर फक्त सिमकार्ड हातात आहे एवढंच सांगतो. ओळखपत्र मागणारं ॲप नाव आणि वय पडताळतं, म्हणून ते जास्त भरवशाचं. पण मग ते ओळखपत्र कंपनीकडे जातं. डेटिंगमधल्या पुरुषांची माहिती बायकांनी एकमेकींना द्यायच्या टी या ॲपमधून जुलै 2025 मध्ये सुमारे 72 हजार चित्रं फुटली, त्यांत पडताळणीसाठी दिलेल्या सेल्फी आणि ओळखपत्रं मिळून सुमारे 13 हजार होती. तेव्हा ओळखपत्र किती दिवसांनी पुसलं जातं हे आधी वाच. लिहिलेलंच नसेल तर देऊ नकोस.

आणखी एक प्रकार आहे, खरा पण निरुपयोगी. फोनवरून ॲप काढलं म्हणजे खातं मिटत नाही. कंटाळून निघून गेलेल्यांची प्रोफाइलं बराच काळ तशीच दिसत राहतात. ती माणसं खोटी नसतात, फक्त तिथे नसतात. ‘अलीकडे सक्रिय’ अशी चाळणी असेल तर लाव.

पैसे न भरता दोन आठवडे वापर आणि तीन आकडे लिहून ठेव: किती जणांना लिहिलं, किती जणांनी उत्तर दिलं, किती जण व्हिडिओ कॉलला तयार झाले. तिसरा आकडा खरा. तो समाधानकारक वाटला तर एकच महिना भर, सहा महिन्यांची सवलत कितीही गोड वाटो. रद्द करायचं ते स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीतून, कारण ॲप काढून टाकलं तरी पैसे कापले जात राहतात.

माणूस पारखताना आधी फोटो गूगल लेन्स आणि टिनआय या फोटो शोधून देणाऱ्या दोन्ही सेवांत टाक. पूर्ण फोटोने काही सापडलं नाही तर फक्त चेहरा कापून टाक. दुसऱ्याच नावाने सापडला, तर विषय संपला. न सापडणं मात्र पुरावा नाही. संगणकाने घडवलेला चेहरा आधी कुठे असणारच नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच व्हिडिओ कॉल कर. मान पूर्ण बाजूला वळवायला सांग, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांग. व्हिडिओत संगणकाने बदललेला चेहरा अशा वेळी कडेने थरथरतो. चांगल्या दर्जाचा नकली चेहरा यातूनही निसटतो, त्यामुळे एका कॉलवर विसंबू नकोस. दोन-तीन कॉलमध्ये सहज आलेले तपशील एकमेकांशी जुळतात का ते बघ. कॅमेरा दर वेळी बिघडत असेल तर दुरुस्तीची वाट बघत बसू नकोस.

तोवर बोलणं ॲपवरच ठेव. दुसऱ्याच दिवशी ‘टेलिग्रामवर ये’ म्हणणाऱ्याला घाई का असते? ॲपने त्याचं खातं बंद केलं तरी तू त्याच्या हाताशी राहावंस म्हणून.

पैशाची गोष्ट बहुधा मागणी म्हणून येत नाही, कमाईची संधी म्हणून येते. गुंतवणुकीच्या नकली ॲपवर नफा फुगताना दिसतो, पहिली छोटी रक्कम बिनबोभाट काढूही देतात. तीच मेख आहे. मोठी रक्कम काढायला गेलं की आधी ‘कर’ भरा म्हणतात. अमेरिकेत 2022 मध्ये सुमारे 70 हजार जणांनी प्रेमाच्या नावाखालच्या फसवणुकीची तक्रार नोंदवली, एकूण नुकसान 130 कोटी डॉलर. फसल्यावर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ म्हणत येणारा पुष्कळदा त्याच साखळीतला असतो.

स्वतःसाठी दोन खबरदाऱ्या. प्रोफाइलला दुसरीकडे कुठेही न टाकलेले फोटो वापर, कारण वरची फोटोशोधाची युक्ती तुझ्यावरही चालते. आणि फोनमध्ये अचूक स्थान बंद करून अंदाजे स्थान चालू ठेव. खाजगी चित्रावरून कोणी धमकावलं तर पैसे देऊ नकोस. एकदा दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट ठेव, तक्रार कर, मग ब्लॉक कर, आणि खाजगी चित्रांचा प्रसार रोखणारी स्टॉपएनसीआयआय ही सेवा वापर. चित्र तुझ्या फोनवरच राहतं, फक्त त्याचा सांकेतिक ठसा सहभागी संकेतस्थळांकडे जातो.

दोन आठवड्यांनी ते तीन आकडे कळव.

तुझे हितचिंतक