जुने साय-फाय (विज्ञानकथांचे) टीव्ही एपिसोड का बघावेत आणि कुठून सुरू करावेत

तुम्ही विचारलंय की 'इंटरस्टेलर' आणि 'अरायव्हल'सारखे सिनेमे हाताशी असताना खोटे वाटणारे सेट आणि रबरी मुखवटे असलेले जुने एपिसोड आम्ही एवढे डोक्यावर का घेतो, आणि बघायचेच झाले तर सुरुवात कुठून करावी. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पहिल्यावर मात्र मला बरंच बोलायचंय. पुढे गोष्टींमधलं बरंच काही उघड होणार आहे, त्यामुळे ज्यांना कोऱ्या मनाने बघायचंय त्यांनी फक्त नावं टिपून घ्यावीत आणि इथेच थांबावं.

मुखवट्यांचं मान्यच करते. 'स्टार ट्रेक' या अंतराळजहाजावरच्या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या मूळ भागांतला १९६७चा 'अरीना' घ्या. त्यातला सरड्यासारखा गॉर्न म्हणजे पोशाख घातलेला माणूस आहे हे लपत नाही, आणि त्याची नि जहाजाचा कप्तान कर्कची मारामारी फारच संथ आहे. पण शेवटी कर्कला त्याला मारायची संधी मिळते आणि तो मारत नाही, कारण हल्ला करणारे गॉर्न कदाचित आपलीच जागा राखत असतील हे त्याच्या ध्यानात आलेलं असतं. तिथे माझं पोशाखाकडे लक्ष जात नाही.

साय-फायकडून माझी एकच अपेक्षा असते. एक अशक्य गोष्ट मला मान्य करायला लावा, आणि मग त्या गोष्टीने माणसाचं काय होतं त्यावरून नजर हलवू नका. टीव्हीवाल्यांकडे पैसा कमी आणि वेळ पाऊण तासाचा. म्हणून ते पात्रांना एका खोलीत बसवून बोलायला लावायचे, आणि तिथेच ही अपेक्षा सगळ्यात जास्त पुरी व्हायची.

'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेतला, म्हणजे 'द नेक्स्ट जनरेशन'मधला, 'द मेझर ऑफ अ मॅन' (१९८९) बघा. डेटा हा यंत्रमानव अधिकारी. एका शास्त्रज्ञाला त्याला उघडून अभ्यासायचंय आणि डेटा नकार देतो. प्रश्न असा की त्याला नकार द्यायचा हक्क तरी आहे का, की तो स्टारफ्लीटच्या, म्हणजे त्या जहाजांच्या दलाच्या, मालकीची वस्तू? सुनावणीत त्याच्या विरुद्ध बाजू मांडायचं काम त्याचाच मित्र रायकर याच्यावर येतं, आणि त्याने कुचराई केली तर डेटा थेट हरणार. एक छोटासा प्रसंग आहे. रायकर एकटा बसून डेटाची तांत्रिक माहिती चाळतोय. त्याला तो बंद करायचा स्विच सापडतो, चेहऱ्यावर क्षणभर हसू येतं, आणि मग आपण नेमकं काय शोधून काढलं हे उमगून ते विरून जातं. एक शब्दही नाही. मी हा एपिसोड कितीतरी वेळा पाहिलाय आणि दर वेळी तिथे पोटात खड्डा पडतो. पुढे भर सुनावणीत तो स्विच दाबतोही. निकालानंतर त्याची समजूत काढायला जो येतो तो डेटाच.

आणि 'द इनर लाइट' (१९९२). त्याच मालिकेत एका अनोळखी यानातून आलेला झोत जहाजाचा कप्तान पिकार्डवर पडतो आणि तो एका परक्या गावात जागा होतो. तिथे त्याला कामिन म्हणतात, एलीन नावाची बायको आहे, आणि आपण कप्तान होतो हे तापातलं स्वप्न होतं असं सगळे सांगतात. तो वर्षानुवर्षं झगडतो, मग रुळतो, मुलं होतात, बासरी शिकतो, बायको जाते, नातू येतो. इकडे जहाजावर जेमतेम पंचवीस मिनिटं झालेली असतात. ते गाव, तो ग्रह, हजार वर्षांपूर्वीच नष्ट झालेला. आपली आठवण कुणाजवळ तरी राहावी म्हणून त्या लोकांनी ते यान सोडलेलं. शेवटी रायकर यानात सापडलेली पेटी आणून देतो. आत बासरी. पिकार्ड ती छातीशी धरतो आणि वाजवतो. इतका अंतराळभर फिरणारा माणूस एका घराच्या अंगणात म्हातारा झाला, ही कल्पनाच मला अजून हलवते. या एपिसोडला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य होता.

'डॉक्टर हू' या काळातून प्रवास करणाऱ्या डॉक्टरच्या ब्रिटिश मालिकेतला 'ब्लिंक' (२००७) भीतीसाठी प्रसिद्ध आहे. पापणी लवली की पुढे सरकणारे दगडी पुतळे. मला मात्र त्यातला दवाखान्याचा प्रसंग मोठा वाटतो. बिली नावाचा तरुण गोष्टीची नायिका सॅली हिचा फोन नंबर घेतो आणि काही मिनिटांतच पुतळे त्याला १९६९ मध्ये फेकतात. सॅली त्याला त्याच दिवशी पुन्हा भेटते तेव्हा तो मरणाला टेकलेला म्हातारा असतो. बाहेर पाऊस तोच आहे. त्याचं आख्खं आयुष्य त्या एका पावसात मावलं. तो पाऊस थांबेपर्यंतच आपण जगणार आहोत हेही त्याला ठाऊक असतं. या भागात डॉक्टर स्वतः अगदी थोडा वेळ दिसतो, कारण चित्रीकरणाच्या वेळापत्रकामुळे त्याच्याशिवाय चालेल अशी गोष्ट हवी होती. ते पुतळे पुढच्या भागांत परत आले, पण माझ्या मते त्यांचे नियम वाढत गेले तशी त्यांची जरब कमी झाली.

सगळंच जुनं मला आवडतं असं नाही. 'ट्वायलाइट झोन' या जुन्या अमेरिकन मालिकेचा 'टाइम इनफ अॅट लास्ट' (१९५९) बहुतेकांच्या यादीत वर असतो. अणुस्फोटानंतर एकटा उरलेला वाचनवेडा कारकून, समोर पुस्तकांचा ढीग, आणि चष्मा फुटतो. कारकून झालेल्या बर्जेस मेरेडिथचं काम अप्रतिम. पण ज्या बिचाऱ्याने वाचण्यापलीकडे काही मागितलं नाही त्यालाच शिक्षा का? मला तो शेवट क्रूर वाटतो.

आता सिनेमे. 'इंटरस्टेलर'चा (२०१४) सगळ्यात चांगला प्रसंग कोणता? जिथल्या एका तासात पृथ्वीवर सात वर्षं जातात अशा ग्रहावरून अंतराळवीर कूपर परततो आणि घरच्यांचे तेवीस वर्षांचे साठलेले निरोप बघत बसतो. एक माणूस, एक पडदा, डोळ्यांत पाणी. जुन्या एपिसोडच्या खर्चातही हे जमलं असतं! नंतर कूपर पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो आणि सिनेमा स्वतःच स्वतःला समजावून सांगू लागतो, तेव्हा मी त्यापासून तुटते. 'अरायव्हल' (२०१६) तसं करत नाही. सुरुवातीला ज्या नायिका लुईसच्या आठवणी वाटतात त्या पुढे घडायच्या गोष्टी आहेत, हे तिच्याबरोबरच आपल्याला कळतं, आणि मुलगी जाणार हे माहीत असूनही ती तिला जन्म देते. अलीकडच्या सिनेमांत माझा सर्वात लाडका हाच.

'२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मी पहिल्यांदा अर्धवट सोडला होता, सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं कुणी बोलतच नाही. पण यानावरचा बोलणारा संगणक हॅल, त्याच्या शेवटासाठी तरी पुरा बघा. अंतराळवीर बोमन त्याची स्मृती एकेक करून काढतो आणि हॅल मंदावत जाणाऱ्या आवाजात 'डेझी बेल' गातो. १९६१ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या संगणकाकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं. म्हणजे हॅल मरताना संगणकांच्या बालपणात जाऊन पोचतो.

सुरुवातीचं विचाराल तर 'ब्लिंक' आधी बघा, त्याला मागचं काही माहीत असावं लागत नाही. 'नेक्स्ट जनरेशन'चा पहिला सीझन सरळ सोडा, तो कच्चा आहे. दुसऱ्यातला 'मेझर ऑफ अ मॅन' घ्या, मग तिसऱ्या-चौथ्यातले आठ-दहा एपिसोड. 'इनर लाइट'ची घाई करू नका. पिकार्ड किती मोजूनमापून वागतो, मुलांपासून कसा लांब राहतो हे आधी अंगवळणी पडलं पाहिजे, नाहीतर नातवाशी खेळणारा पिकार्ड बघून काही वाटणार नाही. आणि तो आवडला तर सहाव्या सीझनमधला 'लेसन्स' चुकवू नका. ती बासरी त्यात परत येते, आणि ती कुठून आली हे पिकार्ड पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतो.