सगळे हॉल फिरू नकोस

प्रिय बेटा,

जैवभौतिकीच्या परिषदेसाठी तुझं पोस्टर मंजूर झालं हे वाचून बरं वाटलं. सोबत पाठवलेलं व्याख्यानांचं वेळापत्रकही पाहिलं. चार रंगांनी रंगवलंस, नऊला या हॉलमध्ये, साडेनऊला त्या. बर्डीच्या बाजारात दिवाळीची खरेदी करायला निघाल्यासारखं दिसतंय ते.

मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या परिषदेत, तिकडे दक्षिणेत, मोठी नावं हेरून हॉलमागून हॉल पळत सुटलो. परतताना जीटी एक्सप्रेसच्या डब्यात वही उघडली, तर सोळा शीर्षकं आणि प्रत्येकाखाली दीड ओळ. नागपूर आलं तरी त्यातलं एकही धड सांगता येईना. परिषदेची पिशवी तेवढी चांगली निघाली, आईने ती कितीतरी वर्षं भाजीला वापरली.

2023 च्या जानेवारीत नागपूर विद्यापीठाच्या अमरावती रोडच्या कॅम्पसवर सायन्स काँग्रेस भरली होती, ती तू पाहिलीस. ती जत्रा, आणि जत्रेत फिरायचंच असतं. जैवभौतिकीच्या परिषदेतला विषयवार परिसंवाद तसा नाही. तिथे एकाच प्रश्नाला चार जण चार बाजूंनी भिडतात. म्हणून तुझ्या कामाजवळचा एकच निवड आणि पहिल्या वक्त्यापासून शेवटपर्यंत जागा सोडू नकोस.

समज, आयन चॅनेलचा, म्हणजे पेशीच्या पटलातून विद्युतभारित कण सोडणाऱ्या प्रथिनांच्या दारांचा परिसंवाद आहे. पहिला वक्ता क्रायो-ईएमने, म्हणजे गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघून मिळवलेली रचना दाखवेल. नमुना द्रव इथेनमध्ये इतक्या झटकन गोठवतात की पाण्याला बर्फाचे स्फटिक व्हायला सवडच मिळत नाही. दुबोशे, फ्रँक आणि हेंडरसन यांना 2017 चं नोबेल मिळालं ते याच तंत्रासाठी. चित्र देखणं, पण थिजलेलं. दुसरी वक्ती तोच रेणू संगणकावर हलवून दाखवेल. मात्र बहुधा काही मायक्रोसेकंदांपुरताच. मग येईल पॅच क्लॅम्पवाला, चॅनेलमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजणारा. काचेच्या बारीक नळीचं तोंड पेशीच्या पटलावर टेकवून नेहेर आणि झाकमान यांनी 1976 मध्ये एकेका चॅनेलचा प्रवाह टिपला. नळी आणि पटल यांच्यामधला गिगाओहमचा, म्हणजे प्रवाह जवळजवळ गळू न देणारा घट्ट जोड जमायला मात्र आणखी काही वर्षं गेली. या तिसऱ्याच्या पडद्यावर चॅनेल उघडमीट करतं ते मिलिसेकंदांत, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या हजारपट सावकाश. मधल्या वेळात रेणू करतो काय? एकेक व्याख्यान चाखून उठणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

स्लाइड आली की रंगीत रेणू नंतर बघ, आधी आलेखाचे अक्ष वाच. प्रवाहाच्या अक्षावर पिकोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा लाख-कोटीवा भाग, दिसला तर लक्षात ठेव: एक पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे 62 लाख एकभारी आयन. वहीच्या मागच्या पानावर प्रवाहाला एका आयनाच्या भाराने भागून हा आकडा स्वतः काढून बघ.

उभं राहून प्रश्न विचारायला धीर होत नसेल तर चहाच्या रांगेत गाठ. ‘हा प्रयोग किती वेळा फसला?’ एवढं विचारलंस तरी पुरे. बहुतेक जण खुलतात. जे खुलत नाहीत, त्यांच्या मागे लागू नकोस.

आता तुझं पोस्टर. त्यावर रामचंद्रन आलेख आहे, प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते ते दाखवणारा. मद्रासमधून 1963 साली आलेलं हे काम परीक्षकांना तोंडपाठ असतं, त्यामुळे त्यांची नजर आधी हद्दीबाहेरच्या ठिपक्यांवर जाईल. तुझे दोन आहेत. ते झाकू नकोस. तिथलं अमिनो आम्ल ग्लायसीन असेल तर सांग की त्याच्या बाजूला नुसता हायड्रोजन, म्हणून त्याला वळायला जास्त मोकळीक. दुसरं काही असेल तर ज्यावर तू रचना बसवलीस तो घनता नकाशा पुन्हा तपास, आणि हे निघायच्या आधी कर. गाईडला दाखवायला लाजू नकोस.

पोस्टरची नळी वरच्या बर्थवर ठेव, सीटखाली पाय लागतात. परत आलीस की रविवारी सकाळी घरी ये. तर्री पोहे मी आणून ठेवतो, तू ती वही घेऊन ये.

तुझा,
काका