विंडसर्फ फॉइलिंगमध्ये (शीड लावलेला बोर्ड खालच्या पंखावर पाण्याच्या वर उचलला जातो, त्याच्या रेस) आठवडाभर पहिला असलेला खेळाडू एका रेसमध्ये गोल्ड गमावतो, हे फेअर आहे का?

माझ्या मते नाही. आता तुम्ही म्हणाल नागपूरच्या माणसाला समुद्राचं काय कळते, आमच्याकडे फुटाळा न अंबाझरी तलाव, पण पॅरिस 2024 ऑलिम्पिकची आयक्यूफॉइल, म्हणजे हीच विंडसर्फ फॉइलिंग, मी मोबाईलवर बघितली होती आणि डोकंच फिरलं ना बावा.

झालं असं की ओपनिंग सिरीजमधले, म्हणजे सुरुवातीच्या सगळ्या रेस मिळून, टॉप 10 पुढे गेले, पहिला नंबर डायरेक्ट फायनलमध्ये, दुसरा-तिसरा सेमीत, बाकीचे क्वार्टरमध्ये. इथवर ठीक. पण फायनल म्हणजे तिघं, एकच रेस, आणि आधीचे पॉइंट्स शून्य! ब्रिटनची एमा विल्सन मोठ्या लीडने पहिली होती, तरी हाती ब्राँझ, गोल्ड सेमीतून आलेल्या इटलीच्या मार्ता माजेत्तीला. माजेत्तीची चूक काहीच नाही, ती त्या दिवशी भारी चालली. पण वारा जरासा फिरला न एक वळण चुकलं की खेळ खल्लास, हे कसं चालेल?

आयपीएलमध्ये बघा, टेबल टॉपर क्वालिफायर 1 हरला तरी अजून एक चान्स असतोच. लांब कशाला, त्याच ऑलिम्पिकमध्ये काइटवाल्यांच्या (शीडाऐवजी पतंगाने बोर्ड ओढणाऱ्यांच्या) फायनलमध्ये पहिल्या नंबरच्या खात्यात 2 विजय आधीच जमा होते, त्याला एकच रेस जिंकायची, मागून येणाऱ्याला 3. तेच इथं करायचं होतं ना!

आयक्यूफॉइलच्या आधीच्या ऑलिम्पिक विंडसर्फिंगमध्ये, म्हणजे जुन्या आरएसएक्समध्ये, शेवटच्या मेडल रेसचे डबल पॉइंट्स टोटलमध्ये मिळवायचे, ते जास्त फेअर होतं, फक्त टीव्हीवर बघणाऱ्याला कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागायचं.